तळाशी उरलेली वाईन

१

बाटली ओट्यावर उभी होती आणि ती रिकामी होती.

पनवेलच्या बाजारातून मटण घेऊन आलेली अरुणा मोहिते स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. मागून आलेल्या मधुकरने, तिच्या नवऱ्याने, तिच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि हातातली पिशवी हळूच खाली ठेवली. सकाळी दोघं घरातून निघाली तेव्हा हीच बाटली कपाटात आडवी ठेवलेली होती, गळ्यापर्यंत भरलेली, बूच घट्ट बसलेलं. आता तिच्या तळाशी बोटभर काळपट, गढूळ काहीतरी राहिलं होतं आणि बूच त्यात पडलेलं होतं.

साधी बाटली असती तर मधुकरने दुसरी आणली असती. पण ही बाजारात मिळणारी नव्हती. तो तुर्भ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. तिथे इटलीहून आलेलं एक मोठं यंत्र बसवायला दि नार्दो नावाचा तज्ज्ञ आला होता. हिवाळ्यात काही दिवसांसाठी मायदेशी जाऊन येताना त्याने ही बाटली आणली. तिच्यावर ना लेबल ना नाव. त्याच्या काकाच्या मळ्यातली द्राक्षं, काकाने स्वतः तुडवून, मुरवून केलेली तांबडी वाईन. काका आता राहिला नव्हता आणि त्याच्या हातची ही शेवटची बाटली होती. दि नार्दोने ती मधुकरच्या हातात देताना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं, "ही नुसती प्यायची नाही. हिला मटण लागतं. तुझ्या घरी, तुझ्या माणसांबरोबर उघडू."

तो आज संध्याकाळी जेवायला येणार होता. याच आठवड्यात तो कायमचा परत जाणार होता.

"नंदूला विचार," मधुकर म्हणाला.

नंदकिशोर हा अरुणाचा धाकटा भाऊ. नोकरी शोधायला आला होता आणि गेले काही महिने बेलापूरच्या या सिडकोच्या घरात त्यांच्याकडेच राहत होता. त्याला प्यायची सवय होती, हे अरुणाला माहीत होतं. म्हणूनच नवऱ्याचं वाक्य तिला झोंबलं आणि ती म्हणाली की सकाळी सगळ्यात शेवटी घरात चांगुणाबाई होती, भांडी घासून दार ओढून तीच गेली.

तेवढ्यात चांगुणाबाई आलीच. पाहुण्यांसाठी वाटण वाटायला अरुणानेच तिला दुपारी पुन्हा बोलावलं होतं. ती जवळच्या दिवाळे गावातली कोळीण. सकाळी मासळी विकून झाली की वसाहतीत दोन घरची कामं करायची. अरुणाने तिला काही विचारलं नाही. तिने पुढे होऊन चांगुणाबाईच्या हातातली पिशवी घेतली आणि उघडून आत पाहिलं.

पिशवीत कोलीम होता, बारीक ओला जवळा, केळीच्या पानात बांधलेला. दुसरं काही नव्हतं.

चांगुणाबाईने पिशवी परत घेतली. तिने आवाज चढवला नाही. "वैनी, मी काम करते, चोरी नाय करत," ती म्हणाली. "आता कोनी घेतलं ते कललं की मगच मी हितून उठनार." आणि ती दाराच्या उंबऱ्यावर बसली.

२

ती उठली ती एकदाच, खालच्या मजल्यावर जाऊन पोपटराव गायकवाडांना घेऊन येण्यासाठी.

गायकवाडांकडेही ती काम करायची. ते दारूबंदी खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. सगळी नोकरी त्यांनी दारू पकडण्यात, हुंगण्यात आणि ओतून देण्यात घालवली होती, पण आयुष्यात एक थेंबही घेतला नव्हता. महाडजवळच्या गावात लहानपणी वडिलांबरोबर पंचशील घेतलं होतं, ते त्यांनी मोडलं नाही. खात्यात मात्र त्यांच्या नाकाची ख्याती होती.

त्यांना दारात पाहून मधुकर कावराबावरा झाला, कारण घरात दारूचा परवाना नव्हता. गायकवाडांच्या ते लक्षात आलं. आपण रिटायर झालो आहोत आणि रिकाम्या बाटलीला परवाना लागत नाही, असं सांगून ते सरळ ओट्यापाशी गेले.

त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, तिरकी केली, नाकाशी नेली. आत तळाला दाट, जांभळट-काळा गाळ बसला होता आणि त्यावर थोडी वाईन होती. बुचाला कुठे भोक नव्हतं. मग त्यांनी बूच काढायचा स्क्रू घरात आहे का, असं विचारलं. मधुकरने खण उघडून दाखवला. पाहुण्याने बाटलीबरोबरच दिलेला लाकडी मुठीचा स्क्रू जागच्या जागी होता. त्याला धूळ लागलेली होती.

गायकवाडांनी मोरी पाहिली. पांढऱ्या फरशीवर डाग नव्हता, जाळीला वास नव्हता. त्यांनी भांड्यांच्या फळीवरून एकेक वस्तू उचलून पाहिली आणि ताक घुसळायच्या रवीपाशी थांबले. रवीच्या दांडीचं टोक जांभळं झालं होतं.

ओट्याखाली एक ठेंगणं स्टूल होतं. त्यावर मेणाचे ताजे ओघळ होते.

"काल लाईट गेले होते का?" त्यांनी विचारलं.

काल गेले होते, पण मेणबत्ती हॉलमध्ये लावली होती, अरुणा म्हणाली. स्वयंपाकघरात कुणी लावलीच नव्हती.

गायकवाड स्टुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोहिते, ही वाईन कुणी प्यायलेली नाही."

३

पण एवढं बोलून ते पुढचं सांगेनात. आधी सगळ्यांशी बोलायचं आहे, असं त्यांनी सांगितलं.

पहिली चांगुणाबाई. उंबऱ्यावर तिच्या शेजारीच ते बसले. तिने सांगितलं की नंदकिशोर तिच्याआधी बाहेर पडला. तिने भांडी घासली, हॉलमधला शोकेस पुसला आणि दार ओढून घेतलं. कपाटाला तिने हात लावला नव्हता. शोकेसमध्ये काय काय होतं, असं गायकवाडांनी विचारल्यावर ती जरा बुचकळ्यात पडली. "तेच नेहमीचं. लग्नातला सरबताचा सेट हाय, जग नि गिलास. नि त्या म्हाताऱ्या बाबांची पदकं."

मग अरुणा. तिने खरं ते सांगितलं. तिला ती बाटली घरात नकोच होती. तिचे वडील पिऊन यायचे, आई अंधारात दाराशी बसून राहायची. ते सगळं तिने पाहिलं होतं. भाऊही त्याच वाटेला लागतो की काय, ही धास्ती तिला रोज होती. पाहुणा यायच्या आधी बाटली फुटली तर बरं होईल, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण तिने ती फोडली नव्हती आणि ओतलीही नव्हती.

ती बोलत असतानाच नंदकिशोर आला. त्याच्या हातात करवंदांचा द्रोण होता. डोंगराकडच्या बाया नाक्यावर विकायला बसतात, त्यांच्याकडून घेतला होता. त्याच्या शर्टाच्या बाहीवर मोठा जांभळा डाग होता.

मधुकर ताडकन उठला. गायकवाडांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांनी नंदकिशोरची बाही बोटांत धरून चोळली, वास घेतला आणि सोडली. डाग चिकट होता. करवंदाचा चीक तसाच लागतो.

नंदकिशोर खाली मान घालून उभा राहिला. काल आपण कपाटातून बाटली काढली होती, हे त्याने कबूल केलं. उजेडात धरून पाहिली, बुचाचा वास घेतला आणि पुन्हा ठेवून दिली. "दाजी, मी पितो, ते खरं आहे," तो म्हणाला. "पण ही बाटली त्या माणसाच्या मेलेल्या काकाची होती. तेवढं मला कळतं."

गायकवाडांना ते पटलं, पण त्याच्या तोंडाकडे बघून नाही. ज्याला प्यायची सवय आहे तो बाटली तळापर्यंत उलटी करतो, असं ते म्हणाले. पोटात गाळ गेला तरी त्याला पर्वा नसते. इथे वरची वाईन तेवढी गेली होती आणि गाळ न हलता जागेवर राहिला होता. बाटली कुणीतरी अगदी हळू, एका धारेत रिकामी केली होती.

"म्हणजे कुणी?" मधुकरने विचारलं. "घरात येऊन-जाऊन आम्ही एवढेच."

"अजून एक माणूस आहे," गायकवाड म्हणाले. "त्यांना तुम्ही मोजलंच नाही."

सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीकडे वळल्या. तिथे खाटेवर मधुकरचे वडील पडून होते.

४

शिवराम मोहिते साताऱ्याकडचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालावं लागे आणि वाचा पूर्ण गेली. तोंडातून फक्त एक 'बा' निघायचा, तोही कधीही, कशालाही. पाणी हवं का विचारलं तर मान नकारार्थी हलायची आणि पाणी दिलं तर घटाघटा प्यायचे. कधी कारण नसताना रडायचे. त्यांना काही समजत नाही, असं एका डॉक्टरने सांगितलं होतं आणि हळूहळू घरालाही ते खरं वाटू लागलं होतं. अरुणा नोकरीला जायची, मधुकरची शिफ्ट असायची. शेवटी पनवेलपलीकडच्या, अशा आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत त्यांच्यासाठी जागा मिळाली होती. उद्या सोमवारी त्यांना तिथे पोचवायचं ठरलं होतं.

मधुकरने गायकवाडांना हे सगळं हलक्या आवाजात सांगितलं. बाबांना बूच कुठलं आणि वाईन कुठली, हेच कळणार नाही, असं तो म्हणाला.

गायकवाड हॉलमधल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी एकेक गोष्ट मांडली. बूच आत ढकललेलं होतं, तेही स्क्रू हाताशी असताना. स्क्रू वापरायला दोन हात लागतात, एकाने बाटली धरायची, दुसऱ्याने पिळायचं. ज्याचा एकच हात चालतो तो काय करील? बाटली दोन्ही गुडघ्यांत दाबून धरील आणि रवीच्या दांडीने बूच आत रेटील. तसं केलं की वाईन वर उडते.

"सुभेदारांच्या पायजम्यावर, गुडघ्यांच्या आतल्या बाजूला बारीक शिंतोडे आहेत," ते म्हणाले. "येताना गॅलरीच्या दारातून मला दिसले. तुम्हाला ते करवंदाचे वाटले असतील."

अरुणाने मान हलवली. तिला तसंच वाटलं होतं. नंदकिशोर बाबांना रोज करवंदं भरवायचा.

गायकवाड पुढे बोलू लागले. मेणाचे ओघळ ओट्यावर नव्हते, ठेंगण्या स्टुलावर होते. म्हणजे ओतणारा माणूस उभा नव्हता, खाली बसलेला होता. आणि दिवसाउजेडी मेणबत्ती कशाला? नोकरीत असताना ते एकदा कुलाब्याला एका पारशी गृहस्थाकडे परवाना तपासायला गेले होते. त्या म्हाताऱ्याने त्यांच्यासमोर जुन्या तांबड्या वाईनची बाटली मेणबत्तीच्या ज्योतीसमोर धरून दुसऱ्या भांड्यात ओतली होती. ज्योतीच्या उजेडात गाळ गळ्यापर्यंत आलेला दिसतो आणि तिथे हात थांबवता येतो. अशी दाट वाईन जेवणाच्या कितीतरी आधी उघडून ठेवायची, वारा लागला की तिचा तुरटपणा मोडतो, हेही त्याने सांगितलं होतं.

"म्हणजे ज्याने हे केलं त्याला वाईन चोरायची नव्हती. संध्याकाळसाठी तयार करायची होती. हे ज्याला माहीत आहे असा माणूस या घरात कोण? मोहिते, दुसऱ्या महायुद्धात तुमचे वडील कुठे होते?"

मधुकरने शोकेसकडे पाहिलं. पदकं तिथेच होती. त्यांतलं एक इटलीच्या मोहिमेचं होतं. बाबा पायाला गोळी लागून एका शेतकऱ्याच्या घरी पडून होते, एवढं त्याला लहानपणी ऐकलेलं आठवत होतं. त्या घरातली म्हातारी मेंढीचं मटण भाजायची आणि पेल्यात थोडी वाईन द्यायची. बाबा म्हणायचे, तिकडे ती दारू नाही, जेवणातला पदार्थ आहे, आपल्याकडे ताक असतं तशी. घरातल्यांना ती गोष्ट इतकी पाठ झाली होती की पुढे पुढे कुणी ऐकतही नसे.

शोकेसमध्ये पेले होते. काचेचा जग नव्हता.

"पण त्यांना समजत नाही हो," मधुकर म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात खात्री नव्हती.

"ते आपण त्यांनाच विचारू," गायकवाड म्हणाले. "फक्त हो की नाही असं विचारायचं नाही. त्यांची मान त्यांचं ऐकत नसेल. हात ऐकतो."

५

गॅलरीत ऊन कलायला लागलं होतं. शिवराम उशीला टेकून बसले होते. गायकवाड खाटेच्या कडेला बसले, आणि एका अधिकाऱ्याने दुसऱ्याशी बोलावं तसं नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सुभेदारसाहेब, पाहुणे थोड्या वेळात येतील. वाईन आता टेबलावर आणायची, की अजून राहू द्यायची?"

शिवरामांनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडातून 'बा' निघाला. मान आधी एकीकडे गेली, मग दुसरीकडे. मधुकरने नजर वळवली.

मग डावा हात वर आला. तळवा उघडा, बोटं सरळ, जरासा खाली दाबलेला. थांबा. घाई नको.

शिवरामांनी वाकून खाटेवरून लोंबणारी चादर बाजूला केली. खाटेखाली, भिंतीच्या सावलीत, सरबताचा जग होता. त्याच्याभोवती ओला टॉवेल गुंडाळला होता. मे महिन्याच्या उकाड्यात तो गार राहावा म्हणून. तोंडावर त्यांचाच धुतलेला रुमाल पसरला होता. जगात वाईन होती, लालभडक आणि स्वच्छ.

नंदकिशोर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. अरुणा बाबांच्या पायाशी बसली. या खाटेपाशी उभं राहून तिने आणि मधुकरने सोमवारचं सगळं ठरवलं होतं. कुठली भांडी द्यायची, कपडे किती, महिन्यातून किती वेळा भेटायला जायचं. ते सगळं बाबांनी ऐकलं होतं. ऐकून, उद्या आपल्याला कुठे नेणार हे माहीत असूनही, आज सुनेच्या घरी येणाऱ्या पाहुण्याचं जेवण बिघडू नये म्हणून हा माणूस लुळ्या पायाने स्वयंपाकघरात गेला होता.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही बोललो ते..."

शिवरामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते नेहमी यायचं तसंच होतं, पण आज ते विनाकारण आहे असं कुणाला वाटलं नाही. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि मग त्याच हाताने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मटण अजून पिशवीतच होतं.

अरुणा उठली. ती आधी दाराशी गेली. उंबऱ्यावर बसलेल्या चांगुणाबाईपुढे तिने हात जोडले आणि तुमची पिशवी उघडायला नको होती, असं सगळ्यांच्या देखत सांगितलं. चांगुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. हे लगेच विसरता येण्यासारखं नव्हतं आणि तिने तसं दाखवलंही नाही.

"पाटा कुठं हाय?" शेवटी ती म्हणाली. "नि उद्या येताना मी माजीच पिशवी आनीन. उघरून बघायची नाय."

६

दि नार्दो आला तेव्हा घरभर खोबऱ्या-कांद्याच्या भाजलेल्या वाटणाचा वास होता. मधुकरने त्याला बाहेरच गाठून झाला प्रकार सांगायला सुरुवात केली, तर त्याने मध्येच कपाळाला हात लावला. आपलं चुकलं, म्हणाला. ही वाईन सकाळीच उघडून गाळापासून वेगळी करायला हवी, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. आत्ता उघडली असती तर जीभ ओढली गेली असती आणि तोंडात माती आली असती.

शिवरामांना टेबलाशी आणून बसवलं. वर्षभरात ते पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जेवायला बसत होते. गायकवाडांनी ताट घेतलं, पेला घेतला नाही. पण दि नार्दोने त्यांच्यापुढेही पेल्यात थोडी वाईन ओतून नुसती हुंगायला दिली. गायकवाडांनी डोळे मिटले. पिकलेलं जांभूळ, नवं चामडं, आणि मागून जरासा मिऱ्याचा वास, असं त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं जी ओतून द्यायची म्हणून हुंगली, ती आज पहिल्यांदाच कुणी कौतुकाने पुढे केली होती, असंही ते म्हणाले, आणि पेला त्यांनी शेजारी सरकवला.

मधुकरने जेवणाआधीच एक घोट घेतला. त्याचा चेहरा बदलला. कच्ची सुपारी चावावी तशी जीभ कोरडी पडली. दि नार्दो हसला आणि त्याने मटणाच्या ताटलीकडे बोट दाखवलं. चरबीचा एक मऊ तुकडा, रश्श्यात बुडवलेली ज्वारीची भाकरी, ते सगळं तोंडात असतानाच दुसरा घोट. आता तीच वाईन वेगळी लागली. तुरटपणा कुठल्या कुठे गेला आणि काहीतरी दाट, गोलसर जिभेवर पसरलं. तिखटाची धग मागे सरकली आणि मटणाची चव पुढे आली. पुढचा घास घ्यावासा वाटला, आणि त्या घासानंतर पुन्हा पेला.

अरुणा बघत होती. तिने दारू पिणारी माणसं पाहिली होती. ती घाईने प्यायची आणि ताट गार होऊन जायचं. इथे पेले हळूहळू कमी होत होते, पण भाकऱ्या मात्र भराभर संपत होत्या. पुन्हा भाकरी थापायला उठताना तिने मधुकरच्या पेल्यातला एक घोट घेऊन पाहिला. तिला ती फारशी आवडली नाही. पण भीतीही वाटली नाही. नंदकिशोरने अर्धा पेला झाल्यावर तो बाजूला सरकवला आणि पुन्हा घेतली नाही. ते तिने पाहिलं आणि पुढची भाकरी त्याच्या ताटात वाढली.

शिवरामांना अरुणाने मऊ तुकडे वेगळे काढून दिले होते. त्यांनी सावकाश चावले, डाव्या हाताने पेला उचलला, घोट तोंडात घोळवला आणि गिळला. मग पेला खाली ठेवून त्यांनी तर्जनीचं टोक स्वतःच्या गालावर टेकवलं आणि स्क्रू फिरवावा तसं ते फिरवलं.

दि नार्दोचा हात हवेतच राहिला.

घरातल्यांना वाटलं, बाबांना काही होतंय. पण तो पाहुणा खुर्ची मागे लोटून उठला आणि त्याने स्वतःच्या गालावर तसंच बोट फिरवलं. "हे आमच्याकडे करतात," तो मधुकरला म्हणाला. "जेवण फार छान झालं की. माझी आई करते. यांना कुणी शिकवलं?"

मधुकरने इटलीतल्या त्या म्हातारीचं सांगितलं. कुठली नदी, कुठलं गाव, असं दि नार्दोने विचारलं, पण ते मधुकरला सांगता येईना. मग दि नार्दोने त्याचा नाद सोडला. तो खुर्ची ओढून शिवरामांशेजारी बसला आणि हातांनी विचारू लागला. डोंगर? शिवरामांनी तळवा उंच, मग खाली, मग सपाट नेला. डोंगर, उतार, पुढे समुद्र. बर्फ? त्यांनी दंड चोळला. म्हातारी? त्यांनी डोक्यावर रुमाल बांधल्याची खूण केली आणि मग हवेत कुणालातरी कान धरून उठवल्याची. दि नार्दो खदखदून हसला. मग त्याने बोटं एकत्र जुळवून काहीतरी विचारलं आणि शिवरामांनी लगेच हनुवटीखालून हाताची पाठ पुढे झटकली. त्या खुणेचा अर्थ काय, ते पाहुण्याने बायकांसमोर सांगायला नकार दिला.

मधुकर बघत राहिला. बाबांच्या तोंडून आताही फक्त 'बा' निघत होता. पण टेबलावर गप्पा चालल्या होत्या, आणि त्यात सगळ्यांत जास्त बाबाच बोलत होते.

दि नार्दो निघताना शिवरामांच्या दोन्ही गालांना गाल लावून गेला. मुंबईत हाताच्या आणि बोलण्याच्या व्यायामासाठी बाबांना न्यावं, आपल्या वडिलांना त्याने फरक पडला होता, असं त्याने मधुकरला दोनदा बजावलं. गायकवाडांनी एका इस्पितळात ओळख असल्याचं सांगितलं.

७

सोमवारी मधुकरने कारखान्यात रजा टाकली ती वडिलांना पोचवायला नव्हे. तो संस्थेत जाऊन जागा नको असल्याचं सांगून आला आणि तिथून इस्पितळाची चौकशी करायला मुंबईला गेला. दुपारी बाबांजवळ कोण राहणार, हा प्रश्न होताच. नंदकिशोरने नोकरी लागेपर्यंत आपण राहू, असं स्वतःहून सांगितलं. अरुणाने त्यावर पूर्ण विश्वास ठेवला नाही, पण हो म्हणाली.

त्याच सकाळी ऑफिसला निघण्याआधी तिला भाजी टाकायची होती. परडी घेऊन ती ओट्याकडे वळली, मग थांबली आणि गॅलरीत गेली. खाटेवर, शिवरामांच्या पुढ्यात, तिने एका बाजूला दोडके ठेवले आणि दुसऱ्या बाजूला वांगी.

"बाबा, आज काय करू?"

शिवरामांनी वांग्यांकडे पाहिलं. मग दोडक्यांकडे पाहिलं. डावा हात पुढे आला आणि त्यांनी दोडके खाटेवरून खाली ढकलून दिले.

गेलं वर्षभर त्या घरात दर आठवड्याला दोडका होत होता. अरुणा खाली बसून ते गोळा करू लागली आणि गोळा करता करता इतकी हसली की आतून नंदकिशोर काय झालं ते बघायला आला.